कंडेन्सर गेला, पण मारला कोणी?

हौशी रेडिओवाले, म्हणजे हॅम मंडळी, जगात कुणाशीही बोलता यावं म्हणून सरकारी परीक्षा देतात, परवाना काढतात आणि गच्चीवर तारा ताणून सोसायटीच्या सेक्रेटरीशी कायमचं वैर पत्करतात. एवढं करून एकदाचा कुणाशी तरी संपर्क झाला की बोलतात काय? ‘ओएम, तुमचा सिग्नल फाइव्ह-नाइन येतोय. इकडे सेट एफटी-१०१. परवाच फायनल बदलल्या.’ पलीकडचा ओएम, म्हणजे ‘ओल्ड मॅन’, तत्काळ सावध होतो. ‘फायनल? कुठे मिळाल्या?’ त्यानंतरचा अर्धा तास ती लहर दुसऱ्या कुणाला मिळत नाही.

यात त्यांचा दोष नाही. हौशी रेडिओवर धंद्याचं बोलायला मनाई, गाणी-बातम्या लावायला मनाई. राहिले दोनच विषय, हवामान आणि दुरुस्ती. मे महिन्यातल्या नागपूरचं हवामान एका वाक्यात संपतं. दुरुस्ती कधीच संपत नाही. म्हणून सेट दुरुस्त करायचा तो बोलण्यासाठी आणि बोलायचं ते दुरुस्तीबद्दल, अशी ही स्वयंपूर्ण व्यवस्था आहे. नवा सेट विकत घेणारा माणूस या व्यवस्थेतून आपोआप बाहेर फेकला जातो. नव्या सेटमधले भाग इतके बारीक असतात की शिंक आली तर शोधत बसावं लागतं. त्याच्याबद्दल बोलणार काय? ‘चालू आहे’ म्हटलं की गप्पा संपल्या.

तर जुना सेट. हा येण्याचे मार्ग ठरलेले आहेत. दुसऱ्या महायुद्धानंतर डिस्पोजलच्या मालात लष्करी रिसीव्हर निघाले. विमानात बसणारा बीसी-३४८ त्यातलाच, युद्ध संपल्यावर तो बाँबफेकी विमानातून थेट हॅमच्या टेबलावर उतरला. नंतर परदेशी जाणाऱ्या-येणाऱ्यांबरोबर जपानी सेट आले. आणि तिसरा मार्ग म्हणजे ‘सायलेंट की’. हॅम वारला की त्याचे मित्र त्याला या नावाने आठवतात आणि घरचे माळा आवरायला घेतात. विकणारा, देणारा किंवा ‘घेऊन जा बाबा एकदाचं’ म्हणणारा कुणीही असो, सेट हवाली करताना वाक्य एकच असतं, ‘ठेवला तेव्हा चालू होता.’

हे वाक्य खोटं नसतं. केव्हा ठेवला, एवढंच त्यात नसतं.

शिवाय नुसतं ठेवून देणं हेच जुन्या सेटच्या जिवावर उठतं. पॉवर सप्लायमधल्या इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरमध्ये ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर असतो. त्या थरावर सगळी मदार. वीज मिळत राहिली तर तो शाबूत राहतो, वर्षानुवर्षं मिळाली नाही तर विरत जातो. अशा कंडेन्सरला एकदम पूर्ण दाब दिला की तो आधी तापतो, मग फुगतो आणि मनात आलं तर फुटून ओल्या कागदाचे कपटे खोलीभर उधळतो. म्हणून जाणती माणसं व्हेरिॲक लावून व्होल्टेज तासातासाने चढवतात. पुढाऱ्याचं उपोषण सोडवताना मोसंबीचा रस पुढे करतात, झणझणीत मिसळ नव्हे, त्यातलाच हा प्रकार. ज्याच्याकडे व्हेरिॲक नाही तो निदान एक साधा बल्ब सिरीजमध्ये जोडतो. बल्ब लख्ख पेटला तर आत शॉर्ट आहे असं समजून बटण बंद करायचं आणि चहाला जायचं.

पण हे शास्त्र झालं. प्रत्यक्षात सेट टेबलावर आला की जमलेल्यांपैकी कुणीतरी म्हणतं, ‘लावून तर बघू.’ या तीन शब्दांनी जेवढे कंडेन्सर मारले तेवढे विजेच्या लपंडावानेही मारले नसतील.

इलेक्ट्रोलिटिक निदान आवाज करून मरतो. कागदी कंडेन्सरचं तसं नाही. आत कागद, बाहेर मेण किंवा प्लास्टिकचा साचा. अमेरिकेत स्प्रेग कंपनीचे ‘ब्लॅक ब्यूटी’ नावाचे काळेभोर, तुकतुकीत कंडेन्सर होते. साठ-सत्तर वर्षांनंतर त्यातली ब्यूटी शाबूत आहे, कंडेन्सर राहिलेला नाही. हा प्राणी मरत नाही, गळायला लागतो. दोन व्हॉल्व्हच्या मध्ये बसून त्याने फक्त आवाजाचा सिग्नल पुढे सोडायचा आणि मागचं दीड-दोनशे डीसी व्होल्ट अडवून धरायचं, एवढंच त्याचं काम. म्हातारपणी तो थोडं थोडं डीसी पुढे झिरपू देतो. पुढच्या व्हॉल्व्हच्या ग्रिडवर नको तो पॉझिटिव्ह दाब येतो, व्हॉल्व्ह भलताच करंट ओढतो, त्याची प्लेट लालबुंद होते आणि शेवटी आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो.

आता दुरुस्त करायला बसलेल्याला काय दिसतं? मेलेला व्हॉल्व्ह आणि काळाठिक्कर ट्रान्सफॉर्मर. कंडेन्सर आपल्या जागी गप्प, अंगावर ओरखडा नाही, चेहऱ्यावर ‘मी तर इथेच बसलो होतो’ असा भाव. साधा मल्टिमीटर त्याला जेमतेम काही व्होल्टांवर तपासतो आणि निर्दोष सोडतो, कारण त्याची खोड दोनशे व्होल्टांवरच बाहेर येते. मग ट्रान्सफॉर्मर रिवाइंड होऊन येतो, महागाचा व्हॉल्व्ह येतो, सगळे टाळ्या वाजवतात आणि काही दिवसांत दोघंही पुन्हा त्याच वाटेने जातात.

जुन्या सेटच्या दुरुस्तीतला सगळा घोळ इथे आहे. ‘काय गेलं?’ हा प्रश्न सगळे विचारतात. ‘कुणी घालवलं?’ हे कुणी विचारत नाही, कारण पहिल्याचं उत्तर दुकानात मिळतं आणि दुसऱ्यासाठी सर्किटचा नकाशा उघडावा लागतो.

रेझिस्टरकडे तर कुणी संशयानेही पाहत नाही. कार्बन कंपोझिशनचे जुने रेझिस्टर हवेतला ओलावा आणि उष्णता पिऊन वयाबरोबर वाढतात. अंगाने नव्हे, ओहममध्ये. शंभर किलोओहम छापलेला रेझिस्टर दीडशेवर पोचलेला असतो आणि आतल्या सगळ्यांनी त्याच्याशी जुळवून घेतलेलं असतं. त्याची मूळ किंमत ओळखायला आमच्या पिढीने ‘बी. बी. रॉय ऑफ ग्रेट ब्रिटन’ आणि त्यांच्या ‘व्हेरी गुड वाइफ’चा जप करून इंग्रजी आद्याक्षरांवरून रंगांची पट्टी पाठ केली. पण अर्धशतकाच्या धुरळ्यात तपकिरी, लाल आणि केशरी हे तिन्ही पट्टे एकाच मातकट रंगाचे होतात. रॉयसाहेब समोर उभे असूनही ओळखू येत नाहीत, त्यांच्या पत्नीची तर गोष्टच सोडा.

जळका रेझिस्टर मिळाला की मात्र सगळ्यांना आनंद होतो. गुन्हेगार सापडला! नवा बसतो, तोही धूर काढतो. मग ‘मोठ्या वॅटचा टाका’ असा सल्ला येतो. तो टाकला की रेझिस्टर वाचतो आणि त्याच्यामागे असलेलं दुसरं काहीतरी जळतं. या सगळ्या वेळात शेजारचा शॉर्ट झालेला बायपास कंडेन्सर निवांत असतो.

व्हॉल्व्हची कथा आणखी करुण. यासू कंपनीचा एफटी-१०१ हा १९७०च्या दशकातला जगभर गाजलेला सेट. त्यात बाकी सगळं ट्रान्झिस्टरवर, पण ड्रायव्हर आणि शेवटचे दोन पॉवर व्हॉल्व्ह, म्हणजेच त्या ‘फायनल’, तेवढे काचेचे. हे दोन व्हॉल्व्ह, ६जेएस६सी, मुळात रंगीत टीव्हीच्या पडद्यावर रेघा आखण्यासाठी बनवलेले. डिझायनरचा विचार व्यवहारी होता. टीव्ही घरोघरी आहेत, त्यांचे व्हॉल्व्ह कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात, हॅमला कधी अडचण पडणार नाही. पुढे टीव्हीने व्हॉल्व्ह टाकून दिले आणि हॅम तेवढा अडचणीत राहिला. आपल्याकडे तर रंगीत टीव्ही १९८२ साली आला तोच ट्रान्झिस्टर घेऊन, त्यामुळे तो कोपऱ्यावरचा दुकानदार आपल्या नशिबी कधी नव्हताच. मग कुणी ६१४६ हा पॉवर व्हॉल्व्ह बसवतो. त्यासाठी सॉकेट बदला, जोडण्या बदला, न्यूट्रलायझेशन नव्याने करा. शेवटी सेटवर एफटी-१०१ ही पाटी तेवढी मूळची राहते.

आणि या फायनल मरतात कशाने? कधी त्यांच्या ग्रिडला मिळणारं निगेटिव्ह बायस गायब होतं. तिथला काही रुपयांचा एखादा भाग दगा देतो आणि महागड्या जोडीचा बळी जातो. पण बहुतेक वेळा खुनी खुर्चीत बसलेला असतो. ट्यूनिंग करताना पूर्ण कॅरियर काही सेकंदांच्या वर दाबून धरू नये, अशी ताकीद असते. मालक एका हाताने कॅरियर दाबून, दुसऱ्या हाताने लोड फिरवत, मान वळवून पाहुण्याला सांगत असतो, ‘बघ, किती छान पॉवर येतेय!’ आतल्या प्लेटा लाल होतात. पाहुण्यालाही तो रंग आवडतो.

ट्रान्झिस्टर आले तेव्हा म्हणे सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. पण साठच्या दशकातल्या ब्रिटिश रिसीव्हरमधला एएफ११७ पाहा. जर्मेनियमचा हा ट्रान्झिस्टर धातूच्या छोट्या डबीत असतो. डबीच्या आतल्या कथिलाच्या मुलाम्यातून वर्षं सरतील तशा केसाहून बारीक मिशा उगवतात आणि आतल्या तारांना जाऊन भिडतात. मिशी वाढल्याने मेलेला असा दुसरा भाग माझ्या ऐकिवात नाही. हसू नका. याच कथिलाच्या मिशांनी १९९८ साली गॅलेक्सी-४ हा उपग्रह निकामी केला असं मानतात आणि त्या दिवशी अमेरिकेतले बहुतेक पेजर मुके झाले. उपग्रहावर न्हावी पाठवता येत नाही. एएफ११७ वर मात्र उपाय आहे. त्याचा चौथा पाय डबीला जोडलेला असतो, तो कापून टाकला की मिशा राहतात पण त्यांचा तोरा उतरतो.

ऐंशीच्या दशकात सेटमध्ये डोकं आलं, आणि डोक्याबरोबर विसराळूपणा. आयकॉमच्या आयसी-७५१ मध्ये सेट कसा चालवायचा याचा प्रोग्रॅमच एका छोट्या रॅमच्या कार्डावर, लिथियम सेलच्या आधाराने ठेवलेला असतो. सेल संपला की सेट स्वतःचं नावगाव विसरतो. ट्रान्झिस्टर चांगले की वाईट, कंडेन्सर जुना की नवा, या प्रश्नांना अर्थच उरत नाही. म्हणून तो सेल बदलताना आधी दुसरा सेल समांतर जोडून ठेवावा लागतो.

केनवुडचा टीएस-४४० तर याच्याही पुढचा. डिस्प्लेवर आकड्यांऐवजी नुसते ठिपके येतात. सगळे भाग तपासले तर सगळे शाबूत. गुन्हेगार असतो डिंक! हादऱ्यांनी भाग हलू नयेत म्हणून कारखान्यात त्यांच्यावर जो चिकट पदार्थ ओतला, तो म्हातारपणी तपकिरी होऊन वीज वाहू लागतो. म्हणजे बदलायचं काहीच नसतं, कारखान्याने प्रेमाने घातलेलं तेवढं खरवडून काढायचं असतं. हे ऐकलं की सुटे भाग जमवणाऱ्या माणसाचा चेहरा पडतो. एवढे कंडेन्सर आणून ठेवले, त्यांचं काय करायचं?

अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातल्या हीथकिटची तऱ्हा वेगळी. १९४७ साली या कंपनीने युद्धातले उरलेले भाग वापरून ऑसिलोस्कोपचं किट काढलं, आणि पुढे हजारो हॅमनी घरच्या टेबलावर रेडिओ जोडले. असा सेट दुरुस्त करायचा म्हणजे कारखान्याशी नव्हे, साठ वर्षांपूर्वीच्या एका अनोळखी ओएमशी सामना. एखाद्या सांध्याला त्याने डाग द्यायचाच राहून गेलेला असतो. तार नुसती गुंडाळलेली, आणि त्यावर सेट दोन पिढ्या चाललेला. तो सांधा आपण हात लावतो त्या दिवशी सुटतो आणि त्याचं पाप आपल्या माथी येतं.

निदान झालं, आता खरेदी. मुंबईचा लॅमिंग्टन रोड काय किंवा पुण्याच्या बुधवार पेठेतली तपकीर गल्ली काय, तिथे जाऊन जुना भाग मागणं ही कला आहे.

‘०.०५ मायक्रोफॅरड, ६०० व्होल्टचा आहे?’

‘०.०४७ है, साहब.’

‘मला ०.०५च पाहिजे.’

दुकानदार दयेने पाहतो. आज ०.०५ कुणी बनवत नाही, तिथे ०.०४७च असतो, आणि मूळ भागाची मोजमापं इतकी सैल होती की छापील ०.०५ मोजला तर कुठेही निघाला असता. पण हा हिशोब माहीत असूनही साहेबांचं मन खट्टू होतं.

मग ट्रान्झिस्टर.

‘२एससी१९६९ ओरिजिनल आहे ना?’

‘कौन सा ओरिजिनल चाहिए?’

या प्रश्नाला उत्तर नाही. बंद पडलेल्या नामांकित पॉवर ट्रान्झिस्टरच्या नावाखाली बाजारात भलतेच फिरतात. दुसऱ्याच कुठल्या तरी ट्रान्झिस्टरची अक्षरं घासून त्यावर नवी छापलेली असतात. ॲसिटोनचा बोळा फिरवला की कधी कधी नाव कापसावर येतं. नाव टिकलं तरी आतलं टिकेलच, याची हमी नाही.

आणि निघताना दुकानदाराचा प्रेमाचा सल्ला, ‘फिल्टर थोडा बडा डालो, हम कम होगा.’ हम, म्हणजे स्पीकरमधली गुणगुण, कमी होतो हे खरं. पण व्हॉल्व्ह रेक्टिफायरच्या सेटमध्ये पहिला फिल्टर कंडेन्सर वाजवीपेक्षा मोठा टाकला तर तो भरताना इतका करंट ओढतो की रेक्टिफायर व्हॉल्व्ह गुदमरतो. मग कुणीतरी म्हणतं, ‘व्हॉल्व्ह काढा, सिलिकॉन डायोड टाका.’ डायोड टाकला की व्होल्टेज वाढतं, शिवाय बाकीचे व्हॉल्व्ह गरम व्हायच्या आधीच येऊन उभं राहतं, आणि तो मोठा फिल्टर कंडेन्सरच ताणाखाली येतो. पूर्वी काही सेटमध्ये सेलेनियमचा रेक्टिफायर असे. तो जळाला की असा काही दुर्गंध सुटतो की घरातलं माणूस आधी गॅसचा बर्नर बघतं, मग गटाराची जाळी आणि शेवटी हॅमकडे.

भाग बदलण्याबाबत हॅम मंडळींत तीन पंथ आहेत. पहिला घाऊक पंथ. हे लोक सेट उघडतात ते सगळे कंडेन्सर एका बैठकीत बदलूनच उठतात. आधी एक बिघाड होता, आता तीन असतात, पैकी दोन स्वतःचे. दोन-चार भाग बदलायचे, चालू करून पाहायचं, मग पुढे जायचं, हे त्यांना वेळखाऊ वाटतं. दुसरा कंजूष पंथ. गेला तेवढाच बदलायचा, तोही जुन्या सेटमधून काढलेला. यांच्याकडे तीन मेलेल्या रेडिओंतून दीड जिवंत रेडिओ तयार होतो आणि उरलेला दीड पुढच्या वेळेसाठी पलंगाखाली जातो. तिसरा सोवळा पंथ. हे जुन्या कंडेन्सरची नळी तापवून आतला ऐवज ओढून काढतात, त्यात आजचा चिमुकला फिल्म कंडेन्सर सारतात आणि दोन्ही तोंडं मेणाने बुजवतात. बाहेरून १९३८, आतून परवाचा. सेटचं झाकण वर्षानुवर्षं कुणी उघडणार नसतं, तरी ते अक्षरांची बाजू वर ठेवतात. मला हा पंथ मनापासून आवडतो. सेट चालो न चालो, त्याची अब्रू राखायला कुणीतरी हवं.

तिन्ही पंथांची भांडणं लहरींवर ऐकली आहेत. पंथ कोणताही असो, ज्याने सर्किट वाचलं त्याचा सेट टिकतो. ज्याने फक्त दुकान गाठलं तो आठवड्याने पुन्हा दुकानात दिसतो. मेलेला भाग हा बहुतेक वेळा पुरावा असतो. त्याला फेकून देण्याआधी त्याच्यावर कुठून दाब आला, किती करंट गेला, अलीकडच्या-पलीकडच्या कंडेन्सरची गळती त्यांच्या कामाच्या व्होल्टेजवर किती, एवढं मोजलं तर निम्मी खरेदी वाचते.

तेव्हा ज्यांच्या घरी असा सेट माळ्यावरून खाली आला असेल त्यांना चार गोष्टी सांगतो. जुन्या अमेरिकन सेटची दोन पिनांची वायर आधी काढा, आणि मेन्सपासून चॅसीला जोडलेला छोटा कंडेन्सर असेल तर तोही. तो शॉर्ट झाला तर पूर्ण मेन्स तुमच्या हातात असते. सेट बंद केल्यावरही मोठे कंडेन्सर भरलेले असतात. ते रिकामे करणारा ब्लीडर रेझिस्टरच गेलेला असू शकतो, म्हणून रेझिस्टर लावून स्वतः रिकामे करा आणि मीटरने खात्री करून घ्या. चालू सेटमध्ये हात घालावाच लागला तर एकच घाला, दुसरा खिशात ठेवा. आणि फ्यूज उडाला तर तेवढ्याच अँपिअरचा टाका. सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळलेला फ्यूज पुन्हा कधीच उडत नाही, त्याच्या जागी ट्रान्सफॉर्मर उडतो.